दावे कुठे जास्त, कुठे कमी का?

बारामती-इंदापूरच्या बाजारात ऐकू येते : अमुक तालुक्याचे लोक भांडखोर, म्हणून तिथे दिवाणी दावे जास्त. हे मला पटत नाही. दाव्यांची संख्या स्वभावापेक्षा कायद्यावर आणि कागदावर ठरते.

आपल्याच भागाचा दाखला घ्या. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेत, नाहीतर कोर्ट गाठत. कुणबी हजर नसे, निकाल एकतर्फी लागे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला, सावकारांची खते जाळली गेली. मग १८७९ चा कायदा आला, तोही सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना. जुना हिशेब तपासणे आणि दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न सक्तीचा झाला. इंदापुरात एक रीत, नाशकात दुसरी! माणसे तीच होती.

आजही उधार मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीनच वर्षे आहे. मुदतीच्या आत गिऱ्हाइकाने बाकी लेखी कबूल केली, तर ती नव्याने मोजली जाते. आपण मात्र भिडेपोटी सही घेत नाही. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. त्याआधी, २८० व्या आयतीत, अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत देण्याचाही आहे. दोन्ही पाळावेत. दरवर्षी बाकीवर सही घ्यावी. वाद झालाच तर दाव्याआधी लोकअदालत आहे; तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते. मुदत जरूर द्या, पण कागदावर.