संशोधक बाईंच्या कविता कुणी मोजायच्या?

मीना अलेक्झांडर यांना ‘भारतीय इंग्रजी कवयित्री’ म्हणून आपण एका ओळीत उरकतो, याचा मला मनापासून राग येतो. मी एम.ए.च्या वर्गाला इंग्रजी साहित्य शिकवते. त्यांच्यावर बोलण्याआधी फळ्यावर नकाशा लावते. जन्म १९५१चा, अलाहाबादचा. घराणं केरळचं. पाचव्या वर्षी सुदान, कारण वडिलांना तिथल्या सरकारची नोकरी. तेराव्या वर्षी थेट खार्टूम विद्यापीठ! सुरुवातीच्या कविता छापून आल्या त्याही अरबी अनुवादात, तिथल्या वर्तमानपत्रांत. पुढे नॉटिंगहॅमची पीएच.डी., दिल्ली-हैदराबादला अध्यापन, १९७९मध्ये न्यूयॉर्क, मग हंटर कॉलेज.

मल्याळम त्या बोलत, पण ती त्यांना लिहिता-वाचता येत नसे. ही सल ‘फॉल्ट लाइन्स’ या १९९३च्या आत्मकथनात जागोजागी आहे. त्याआधी १९८९मध्ये त्यांनी मेरी वोलस्टोनक्राफ्ट, डोरोथी वर्ड्‌सवर्थ आणि मेरी शेली यांच्यावर समीक्षाग्रंथ लिहिला होता. लिहिणाऱ्या बायकांना स्वतःची जागा कशी मिळते, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

आपल्याकडे मात्र प्राध्यापक बाईंचा शोधनिबंध बढतीला धरतात आणि कवितासंग्रह ‘छंद’ ठरतो. हुशार सहकारी मैत्रिणींना मी कविता सोडताना पाहिलंय. हे थांबायला हवं. सुरुवात अभ्यासक्रमापासून करा: अलेक्झांडर यांचं आत्मकथन आणि समीक्षाग्रंथ एकाच सत्रात, एकाच पेपरला लावा.