एक छत्री, दोन रिमोट

संध्याकाळी आठचा स्लॉट म्हणजे घरोघरी महायुद्ध. आईला सीरियल, बाबांना मॅच. यावर आजकालचा फंडा सोपा : दुसरा टीव्ही घ्या! टीव्ही घेणं सोपंच असतं हो. खरी गोची होते गच्चीवर.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना मुक्काम आतल्या खोलीत. वेळ जावा म्हणून तिथे टीव्ही आणि दुसरा सेट-टॉप बॉक्स लावला. डिशवाल्याने त्याच वायरला स्प्लिटर जोडला आणि ‘झालं काम’ म्हणत निघून गेला. त्या रात्री आईची सीरियल सुरू आणि बाबांची मॅच गायब! चार दिवस हेच. बाबा काही बोलले नाहीत. टीव्ही बंद करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते बघवेना, म्हणून मी या प्रकरणाच्या मुळाशी गेले.

तर मंडळी, छत्री हा नुसता आरसा. खरं काम करतो तिच्या दांड्यावरचा एलएनबी. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारे येतात. तुम्ही चॅनल बदललं की बॉक्स वायरीतून वर व्होल्टेज पाठवतो : 13 व्होल्ट म्हणजे उभ्या दे, 18 म्हणजे आडव्या. साधा एलएनबी एका वेळी एकच हुकूम पाळतो. स्प्लिटरवर दोन बॉक्स भांडले, की सहसा 18 व्होल्टवाला जिंकतो. आमच्याकडे तो आईचा होता!

उपाय? छत्री तीच ठेवा, एलएनबी बदला. ट्विनला दोन आउटपुट असतात, क्वाडला चार, ऑक्टोला आठ. प्रत्येक बॉक्सला स्वतःचं आउटपुट आणि थेट स्वतःची आरजी-6 वायर, म्हणजे कुणी कुणाच्या चॅनलमध्ये लुडबुड करत नाही. तुमच्या छत्रीला कुठला एलएनबी चालतो, ते कंपनीला आधी विचारा. बसवल्यावर सिग्नलची ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ दोन्ही बघा. वापरात नसलेल्या आउटपुटला टोपण हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत!

आता खिशाचं. पेड डीटीएचवर दुसऱ्या बॉक्सचं बिल वेगळं लागतं. 2020 मध्ये ट्रायने जादा टीव्हीच्या नेटवर्क फीवर पहिल्या टीव्हीच्या 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2024 मध्ये या फीवरची बंधनंच काढली, त्यामुळे आता मल्टी-टीव्हीचा दर आधी विचारून घ्या. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र महिन्याचं भाडं नाही. तिथे खर्च फक्त बॉक्स, वायर आणि एलएनबीचा.

आमच्याकडे क्वाड लागला आणि त्याच रात्री आतून आवाज आला, ‘अगं, आउट नव्हता तो!’ डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा तो आवाज मला जास्त आश्वासक वाटला.

तेव्हा तुमचा डिशवाला गच्चीवर चढायच्या आधी एकच प्रश्न विचारा : ‘एलएनबी कितीचा टाकताय?’ उत्तर ‘स्प्लिटरवर होतंय की, मॅडम’ असं आलं, तर चहा पाजा आणि प्रेमाने परत पाठवा.