बदललेली स्वाक्षरी

बँकेच्या नोकरीत माझ्या हातून घडलेली एक चूक आज प्रांजळपणे सांगावयाची आहे. मोंढ्यातील एका आडत्याचा धनादेश माझ्या टेबलावर आला. स्वाक्षरी वेडीवाकडी, नमुन्याशी मुळीच न जुळणारी. ‘स्वाक्षरी जुळत नाही’ असा शेरा मारून मी तो परत केला. त्यांचा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. महिनाभर गिरवून डाव्या हाताने केलेली ही पहिली सही आहे.” मी नियम सांगितला आणि तो मुकाट्याने निघून गेला.

नियम मी अर्धाच सांगितला होता. आजारी वा असमर्थ खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट तरतूद आहे. स्वाक्षरी करता येत नसेल तर हाताच्या अथवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेस परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. ठसाही उमटत नसेल तर नुसती खूणसुद्धा याच पद्धतीने ग्राह्य धरता येते. डाव्या हाताच्या स्वाक्षरीचा नवा नमुना घेणे तर अगदीच सोपे होते. मी उठून त्यांच्या घरी गेलो असतो तर काम झाले असते. मी उठलो नाही.

निवृत्तीनंतर तीच वेळ आमच्या घरावर आली. एका रात्री जेवताना थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, हातातून वाटी निसटली आणि तोंड एका बाजूस ओढले गेले. ‘सकाळी पाहू’ असे आम्हीच ठरविले. परभणी गंगाखेडहून सुमारे ४० किलोमीटर. तेथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. वाचकहो, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

दादांचे प्राण वाचले. परंतु डाव्या मेंदूला इजा झाल्यामुळे उजवे अंग आणि वाणी दोन्ही गेली. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. यात बुद्धी शाबूत असूनही शब्द सापडत नाहीत. दादा णमोकार मंत्र अखंड म्हणत, पाढेही म्हणत, पण ‘पाणी हवे’ एवढे म्हणता येत नसे. लहानपणापासून मुखोद्गत झालेले शब्द ओघाने येतात. नवे वाक्य मात्र जुळवावे लागते आणि तेच जुळत नाही. हे न कळल्याने भेटीस येणारे त्यांच्यादेखत वहिनींना विचारीत, “यांना समजते का हो?” दादांना सारे समजत होते. महिन्याभरात पाहुणे थांबले. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. पक्षाघातानंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते व त्यावरही उपचार असतात, हे मला फार उशिरा कळले.

अशा दिवसांत एके सायंकाळी काठी टेकीत एक गृहस्थ पत्नीसह दारात उभे राहिले. ज्यांचा धनादेश मी परत केला होता, तेच ते आडते. ते दादांजवळ बसले आणि काहीच विचारले नाही. खिशातून वही काढून डाव्या हाताने सावकाश स्वतःचे नाव लिहिले व पेन दादांच्या डाव्या हातात दिले. दादांनी एक रेघ ओढली. घरातले आम्ही सारे दोन महिने ‘प्रयत्न करा’ म्हणत होतो. पण आमचे दोन्ही हात धड होते. आमच्या शब्दाला वजन कोठून येणार?

ते दर रविवारी येऊ लागले. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना शेवटी काढावा, हे त्यांनी करून दाखविले. त्यांच्या पत्नीने वहिनींना सांगितले की उठविताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो. जेवताना ताठ बसवून लहान घास द्यावेत, अन्यथा ठसका लागतो. मग त्या हळूच म्हणाल्या, “ताई, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?” वहिनी त्या दिवशी प्रथमच रडल्या. रुग्णाचा रक्तदाब रोज मोजणाऱ्या आम्हांपैकी कोणीही वहिनींचा एकदाही मोजला नव्हता.

मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “साहेब, आता तुम्हांला कळले आहे. पुढच्या माणसाला सांगा.”

म्हणून सांगतो. १९६५ साली अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना वयाच्या ३९व्या वर्षी, गर्भवती असताना, मेंदूतील रक्तस्रावाने गाठले. सुमारे तीन आठवडे त्या बेशुद्ध होत्या. त्यांचे पती, लेखक रोआल्ड डाल यांनी इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन या गावी शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. एकामागून एक शेजारी येई आणि त्यांच्याशी बोले, वाचन घेई, शब्दांचे खेळ खेळे. त्यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी वैद्यकाचे शिक्षण घेतले नव्हते. नील पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९६८ च्या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळाले. ग्रिफिथ यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले, आणि वाचाघात झालेल्यांसाठी स्वयंसेवकांची योजना इंग्लंडमध्ये उभी राहिली. मुळात ते होते एका गावाचे शेजारधर्माचे काम.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व घरच्यांना सभांतून एकत्र आणते. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ व सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. आजार वेगळा असला तरी रीत उचलण्याजोगी आहे. आमचे गंगाखेड संत जनाबाईंचे गाव. जनीबरोबर जाते ओढावयास प्रत्यक्ष विठ्ठल बसला, असे येथील आबालवृद्ध सांगतात. एकटीने ओढावयाचे जाते जड होते, हे लोकांनी पूर्वीच ओळखले होते. रुग्णसेवेला आपण वैयावृत्त्य म्हणतो व तपात गणतो. ते तप एकट्या सुनेच्या वा पत्नीच्या माथी मारून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये.

आज आमच्याकडे रविवारी चार कुटुंबे जमतात. ना अध्यक्ष, ना वर्गणी. तासभर रुग्ण एका खोलीत बसतात, सांभाळणारे दुसऱ्या खोलीत. कोणाला शब्द सापडत नसेल तर बाकीचे थांबतात. त्याच्या तोंडचा शब्द कोणी हिसकावून घेत नाही. आपल्या गावी दोन कुटुंबांपासूनही हे सुरू होऊ शकते.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक विनंती. घरचा कर्ता बरा होऊ लागला की त्याला दुकानी न्या. आमच्या पुतण्याने दादांची गादी काढली नव्हती. आता ते रोज दोन तास तेथे बसतात. हिशेब मुलगाच पाहतो, पण दिवसाची बेरीज दादांना दाखवितो. परवा एका आकड्यावर त्यांनी डाव्या हाताचे बोट ठेवले आणि मान हलविली. बेरीज खरोखरच चुकली होती.