वंशावळ कुणी सांगितली?

चुलतभावाने मोबाइलवर धाडलेली वंशावळ लगेच वहीत उतरवून घेऊ नका. आधी विचारा, त्याला ती कुठून मिळाली? छापील कुलवृत्तांतातून, असं उत्तर आलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. त्यातली बरीच माहिती घराघरांतून पत्रं मागवून गोळा केलेली असते. ज्याने जशी कळवली, तशी छापली. वतनाच्या तंट्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या वंशावळी तर फार जपून वाचाव्यात, कारण एखाद्या भावाची शाखा गाळल्याने कुणाचा तरी हिस्सा वाढत असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मला अधिक भरवशाच्या वाटतात. तिथे यात्रेकरू बाप, भाऊ, मुलं यांची नावं देऊन खाली सही करतो. पण पणजोबांबद्दल तोही ऐकीवच सांगतो. शिवाय आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत! गणेश रामचंद्र, रामचंद्र गणेश, पुन्हा गणेश रामचंद्र, अशा ओळीत दोन माणसांचा सहज एक होतो. शक 1740 हे इसवी सन समजून उतरवलं, तर 78 वर्षांचा घोळ. बाप-लेकात सत्तर वर्षांचं अंतर दिसलं, की मधली पिढी गळली का, दत्तक झालं का, हे तपासा. प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं आणि केव्हा, हे लिहाच. आणि लेकी-सुनांची नावं सांगणारी आत्या हयात असेल, तर या आठवड्यातच तिच्याकडे जा.