नाचता येईना, बोर्ड वाकडा!

जानेवारी उजाडला की फायनल इयरच्या विंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. "यार, पाय फारच स्लो आहे, नवीन बोर्ड घ्यावा लागणार." पाय म्हणजे रास्पबेरी पाय, हे ज्युनियर्ससाठी सांगतो. कुणाच्या पायाला काही झालेले नाही! प्रोजेक्ट कुठलाही असो, चेहरा बघून हजेरी, हेल्मेट ओळखणे, नाहीतर रस्त्यातले खड्डे. कॅमेरा जोडायचा, नेटवरून एखादे भलेमोठे मॉडेल उतरवायचे, आणि स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला एकदा हलायला लागले की बोर्डाला शिव्या. मग चौघांत वर्गणी. ज्याचे मेसचे बिल दोन महिन्यांचे थकले आहे त्यालाही वाटा द्यावा लागतो, आणि तो बिचारा ग्रुपमध्ये तोंड उघडत नाही. मला राग येतो तो याचा.

माझे म्हणणे सरळ आहे. वेळेचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही ग्रुपने नवीन बोर्ड घेऊ नये, आणि गाइड सरांनी तो घेऊ देऊ नये.

जरा मागे जाऊ. २००१ साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी चेहरे शोधण्याची एक पद्धत मांडली. ३८४ बाय २८८ चे चित्र, ७०० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री, आणि वेग सेकंदाला १५ फ्रेम्स! आपल्या हातातल्या पाय ४ मध्ये दीड गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. (मेगाहर्ट्झला मेगाहर्ट्झ लावून तुलना होत नाही हे मलाही माहीत आहे, आर्किटेक्चरवाल्या मॅडमनी रागावू नये.) त्यांनी मशीन बदलले नव्हते, काम कमी केले होते. चित्रातल्या कुठल्याही चौकोनाची बेरीज चार आकड्यांत मिळेल असा तक्ता आधीच करून ठेवायचा. मग प्रत्येक खिडकीला आधी अगदी सोपा प्रश्न विचारायचा. पहिल्या पायरीवर फक्त दोन फीचर्स. तिथे नापास झालेली खिडकी पुढे जातच नाही, त्यामुळे भिंत, पंखा, फळा यांवर वेळ जवळजवळ खर्चच होत नाही. आपण मात्र भिंतीलाही चेहऱ्याइतकाच मान देतो.

आता हिशेब. समजा एका फ्रेमला २०० मिलिसेकंद लागतात. कॅमेऱ्यातून फ्रेम येईपर्यंत ३०, रंग आणि आकार बदलायला १०, डिटेक्शनला १२०, खिडकीत दाखवायला ४०. म्हणजे सेकंदाला ५ फ्रेम्स. मेसमध्ये पोळीच्या काउंटरवर रांग तुंबली असेल तर भाजीवाले दोघांचे चौघे करून रांग हलत नाही. पण आपले वीर रात्रभर जागून त्या १० मिलिसेकंदांचे ५ करतात! डिटेक्शन दर चौथ्या फ्रेमला केले तर त्याची सरासरी ३० वर येते, कारण दाराशी उभ्या माणसाचा चेहरा तीन फ्रेम्समध्ये कुठे पळून जात नाही. एकूण ११०. डेमो सोडून एरवी ती खिडकी बंद ठेवली तर ७०, म्हणजे सेकंदाला १४. चौथी फ्रेम आली की हलका झटका बसतो, पण हजेरीला त्याने काय बिघडते? कॅमेऱ्याची वाट बघण्याचे काम वेगळ्या थ्रेडला दिले तर आणखी थोडे सुटते. यात एक रुपयाही गेला नाही.

रिझोल्यूशनचे तर विचारूच नका. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. ३२० बाय २४० म्हणजे ७६,८००. बरोबर २७ पट फरक. दोन फुटांवरचा चेहरा शोधायला फुल एचडी कशाला हवे? लांबच्या गाडीची नंबरप्लेट वाचायची असेल तर हवे, पण तेव्हाही सगळे आकाश आणि झाडे प्रोसेस न करता रस्त्याचा पट्टा कापून घ्यावा. आणि पायथॉनमध्ये दोन फॉर लूप लावून एकेक पिक्सेल फिरणाऱ्यांना मी हात जोडतो. तेच काम नमपाय किंवा ओपनसीव्हीच्या एका ओळीत होते, आणि ती ओळ आतून सी किंवा सी प्लस प्लसमध्ये पळते.

न्यूरल नेटवर्कच पाहिजे असेल तर जरूर घ्या. पण मोबाइलनेट हे २०१७ पासून अशाच लहान यंत्रांसाठी आहे. शिवाय ३२ बिटांचे वेट्स ८ बिटांवर आणले तर मॉडेल पाव होते. अचूकता किंचित घसरू शकते, म्हणून ती आपल्याच कॉलेजच्या फोटोंवर तपासायची. नेटवरचा आकडा रिपोर्टमध्ये चिकटवायचा नाही.

एक गोष्ट तर कोडमध्ये सापडतच नाही. प्रोसेसर ८० अंशांवर गेला की पाय स्वतःच वेग कमी करतो. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरची रूम, बंद प्लॅस्टिकचा डबा, वर हीटसिंक नाही, मग दुसरे काय होणार? तसेच पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल लावली की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते. ती शोभेची नाही. व्होल्टेज पडले की वेगही पडतो.

एवढे सगळे करूनही मॉडेल मावत नसेल तर खुशाल मोठा बोर्ड घ्या, माझी हरकत नाही. पण आज व्हायव्हामध्ये "अचूकता किती?" एवढेच विचारले जाते, एका फ्रेमला किती वेळ लागला हे क्वचितच. डिपार्टमेंटने रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचे करावे: प्रत्येक टप्प्याचे मिलिसेकंद, रिझोल्यूशन, अर्ध्या तासानंतरचे तापमान, कोणता पॉवर सप्लाय. त्याला दहा मार्क ठेवावेत. मार्क असले की आम्ही पोरे काहीही मोजतो!

आणि पास आऊट होणाऱ्या सीनियर्सना एक विनंती. ट्रंकेत पडलेले जुने पाय ३ घरी नेऊ नका. १ जीबी रॅम असली तरी हजेरी, खड्डे यांना ते अजून चालतात. लॅब असिस्टंट काकांकडे एक रजिस्टर ठेवता येईल. मी त्यांना विचारले आहे, ते तयार आहेत, फक्त कपाटाची किल्ली एचओडी सरांकडे आहे.