भाड्याच्या आकड्यापलीकडे

संपादक महाशय,


नोकरीनिमित्त मुंबईस येणाऱ्याने जेथे भाडे अल्प तेथे बिऱ्हाड करावे, हा गतांकातील पत्रलेखकांचा सल्ला, त्यांचा हेतू शुद्ध असला तरी, मला घातक वाटतो. बदलीचा हुकूम हाती पडताच नागपुराहून आलेल्या मीही याच हिशेबाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापूर पत्करले. आणि भाड्यात वाचले त्याची किंमत, रोजचे तीन-साडेतीन तास गाडीत जाऊन, रात्री निजलेल्या मुलीच्या पायांतले मोजे काढण्यापुरताच तिचा सहवास उरल्याने, पुरेपूर चुकती केली.

पुढे सुमारे ४८ किलोमीटरवरील डोंबिवलीस आलो, तेव्हा अंतर घटले खरे. परंतु कर्जत आणि कसारा या दोन्ही शाखा कल्याणास मिळत असल्यामुळे सकाळच्या गाड्या तेथूनच खच्चून भरून येतात, आणि डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल चुकली की दाराच्या दांड्याला एका हाताने लोंबकळण्याचा प्रसंग येतो.

माझी नवागतांस कळकळीची विनंती एवढीच, की अनामत देऊन करारनाम्यावर सही करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कचेरीच्याच वेळेला, नियोजित बिऱ्हाडाजवळच्या स्थानकावरून एकवार प्रवास करून पाहावा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली