वजन मागे, धोका पुढे

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाच्या कामाची जुनी जाण आहे, तेव्हा मोटरहोमच्या मागच्या हुकावर मोटारसायकल वाहायला कॅरियर बनवून घेणं इथं अवघड नाही. पण खरा प्रश्न वेल्डिंगच्या मजबुतीचा नसून वजन कुठं पडतं याचा आहे. 180 किलोची गाडी आणि 40 किलोचा सांगाडा मागच्या एक्सलपासून 2 मीटर मागे आला आणि दोन एक्सलमधलं अंतर साडेतीन मीटर धरलं, तर मागच्या एक्सलवर 220 नव्हे, सुमारे 346 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 126 किलो कमी होतात. पुढची चाकं अशी हलकी झाली, की तवंदी घाटाच्या वळणावर स्टिअरिंगची पकड सुटू लागते. निपाणीकडचे ट्रॅक्टर हुकालाच जोडून टनावारी ऊस नेतात, असं कोणी म्हणेल. पण ट्रॉलीचा बहुतेक भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, हूक मुख्यतः ओढायचं काम करतो. जाड लोखंड वापरू म्हणावं, तर तेही वजनच. म्हणून सामान, पाणी, माणसं भरून वजनकाट्यावर दोन्ही एक्सल वेगवेगळे तोलावेत, त्यात हा हिशेब मिळवावा आणि कंपनीच्या मर्यादेत बसलं तरच पुढं जावं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकू नयेत. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, त्यामुळे आरटीओत आधी विचारावं. हिशेब बसत नसेल, तर हलकी दुचाकी निवडावी. आधी काटा, मगच वेल्डिंग.